गाडी थांबली की धावायचं नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३९, शिक्षण दहावीपर्यंत, काम गवंड्याचं. गेली अकरा वर्षं शहरातल्या एका मजूर नाक्यावर सकाळी उभा राहतो. गेल्या महिन्यात नाक्यावरच्या नऊ जणांना एका ठेकेदाराने सहा दिवस कामाला नेलं. तीन मिस्त्री ९०० रुपये रोजाने, चार बिगारी ६५० ने आणि दोन बायका ५०० ने. मध्ये ८,००० रुपये उचल दिली, ‘शनिवारी सगळा हिशोब’ म्हणाला आणि शनिवारी फोन बंद. २९,८०० रुपये बुडाले. तेव्हापासून सगळे मला म्हणतात, तुम्ही शिकलेले आहात, संघटना काढा. पण आमचा मालकच एक नाही, भांडायचं कोणाशी? त्यात बाहेरच्या राज्यातली पोरं कमी पैशात गाडीत चढतात, त्यामुळे दर टिकत नाही. एका पक्षाचा कार्यकर्ता म्हणतो, आमचा बोर्ड लावा, बाकीचं आम्ही बघतो. आणि याच आठवड्यात दुसऱ्या एका ठेकेदाराने मला मुकादमकी देऊ केली आहे. रोज १,००० रुपये, शिवाय आणलेल्या प्रत्येक माणसामागे २० रुपये, रोज पंधरा माणसं आणायची. अट एकच, नाक्यावरची भानगड साइटवर आणायची नाही. बायको म्हणते, घ्या. मन दोन्हीकडे ओढतंय. काय करू?

मिस्त्री,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण तुम्ही आकडे दिलेत. सहा दिवसांचे ३७,८०० होतात, ८,००० वजा केले की २९,८००. हिशोब चोख आहे. नाक्यावरची माणसं तुमच्याकडे बघतात ती तुम्ही दहावी झालात म्हणून, असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, बुडालेले पैसे नऊ जणांचे असताना त्यांचा हिशोब ज्याच्या डोक्यात पक्का आहे असे तुम्ही एकटेच आहात, म्हणून बघतात.

आधी घरातलं बोलू. तुमची बायको चुकत नाही. महिन्यातले किती दिवस तुम्ही नाक्यावरून रिकाम्या हाताने परत येता, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. तिला उत्तर देताना ‘समाजासाठी’ वगैरे शब्द काढू नका. तिने विचारलेला प्रश्न साधा आहे: संघटनेच्या नादात किती खाडे होणार? त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार हवं, आणि ते ‘एकही नाही’ असं असू शकतं. नाक्यावरची संघटना नाक्यावरच, सकाळी साडेसात ते साडेनऊच्या वेळात बांधायची असते. तेव्हा तुम्ही तिथे असताच.

आता तुमचं पहिलं गृहीतक. ‘मालकच एक नाही, भांडायचं कोणाशी?’ हा प्रश्न तुम्ही अशा सुरात विचारला आहे, जणू तो विचारला की विषय संपला. गिरणी कामगाराला गेट होतं, तुम्हाला गेट नाही, म्हणून तुमचा लढाच नाही, असं तुम्ही धरून चालला आहात.

एक लेख लिहायचा होता म्हणून मी एकदा नाक्यासमोरच्या बसथांब्यावर काही सकाळी काढल्या होत्या. तिथे पाहिलेलं सांगते. आठ-सव्वाआठची वेळ. टेम्पो येतो, पूर्ण थांबायच्या आधीच पंधरा-वीस हात त्याच्या फाळक्यावर पडतात. ठेकेदार खाली उतरत नाही. खिडकीतून तोंड काढून विचारतो, ‘किती?’ कोणी ७०० म्हणतो, मागून कोणी ६५० ओरडतो, तिसरा काहीच न बोलता चढून बसतो. ठेकेदार त्या तिसऱ्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘याच्यासारखे चार द्या.’ दहा सेकंद. त्या दिवसाचा भाव त्या दहा सेकंदांत ठरतो, आणि ठेकेदाराला एक शब्दही घासाघीस करावी लागत नाही. ती तुम्हीच आपापसांत करून देता.

म्हणजे तुमचा मालक रोज बदलतो, पण भाव पडण्याची जागा बदलत नाही आणि वेळही बदलत नाही. तेच तुमचं गेट.

हे काही मी शोधलेलं नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना आणि पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीतून हमालांना एकत्र केलं, तेव्हा त्यांच्यापुढे हाच पेच होता. हमालाचा मालक कोण? सकाळी या पेढीची पोती, दुपारी त्या पेढीची. प्रत्येक व्यापारी म्हणणार, हा माझा नोकर नाही. त्यातून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला आणि त्याने हा प्रश्नच उलटा केला. कामगाराची नोंद एका मालकाकडे करण्याऐवजी कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे करायची. मालाच्या मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे मजुरीच्या काही टक्के जादा रक्कम, मंडळात भरायची. मंडळाने कामगाराला पगार द्यायचा, शिवाय भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), औषधपाणी बघायचं. मंडळात कामगार, मालक आणि सरकार असे तिघेही बसणार. हा कायदा पोती उचलणाऱ्या-उतरवणाऱ्यांसाठी आहे, गवंडीकामाला तो लागू होत नाही, तेव्हा अर्ज घेऊन तिथे धावू नका. मुद्दा एवढाच, की मालक रोज बदलत असूनही लढता येतं, हे याच राज्यात एका कायद्याने मान्य केलेलं आहे.

दुसरं, तुमच्या पत्रात ‘संघटना काढा’ हे शब्द तीनदा आलेत आणि प्रत्येक वेळी त्यांच्यामागे नोंदणी, पावतीपुस्तक, शिक्का, लेटरहेड असं सगळं उभं आहे. तिथून सुरुवात करू नका. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज दिला. त्या संघटनेला ना सभासदांची यादी होती, ना निधी, ना लेखी नियम. तरी १८९० मध्ये गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी घरी बसतो त्यामागे ती बिनशिक्क्याची संघटना आहे.

मग सुरुवात कुठून? माझं ऐकाल तर एकाच नियमापासून. गाडी थांबली की धावायचं नाही.

हसाल कदाचित. पण करून बघा, किती अवघड आहे ते कळेल. गाडी आली की सगळे आपापल्या जागी उभे राहणार, पुढे दोघेच जाणार, एक मिस्त्री आणि एक बिगारी. दर आठवड्याला ते दोघे बदलायचे, नाहीतर त्यांचीच ठेकेदाराशी सोयरीक जुळते. ते चार गोष्टी विचारणार: काम काय, कुठे, सुटायचं किती वाजता, पैसे कधी. मग माणसं जाणार. पहिल्या दिवशी कोणीतरी धावेलच. दुसऱ्या दिवशीही. त्याला शिव्या घालू नका, मारहाण तर अजिबात नाही. एका मारामारीत तुमची सहा महिन्यांची मेहनत वाहून जाईल आणि पोलिसांना नाका हटवायला कारण मिळेल.

एक गोष्ट मुद्दाम सांगते: दरवाढीची मागणी पहिल्यांदा करू नका. दर हा विषय नाक्याला जोडण्याऐवजी फोडतो. मिस्त्रीला ९०० चे १,००० हवेत, बिगारी म्हणणार आमचं आधी बघा, रंगारी आणि फरशीवाले म्हणणार आमचं गणितच वेगळं, आम्ही उक्तं घेतो. याउलट ‘पैसे त्याच दिवशी संध्याकाळी’ ही मागणी सगळ्यांची आहे. तुमचे नऊ जण बुडाले ते रोज कमी होता म्हणून नाही, शनिवारची वाट बघत बसले म्हणून. आणि इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. वेतन संहिता, २०१९, म्हणजे मजुरीबद्दलचे जुने कायदे एकत्र करणारा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात रोजंदारीवरच्या माणसाचे पैसे पाळी संपताच द्यायचे, असं स्पष्ट आहे. ‘शनिवारी हिशोब’ ही रीत झाली, कायदा नव्हे.

दुसरी मागणीही सगळ्यांची होऊ शकते: साइटवर नेलं आणि ‘आज माल आला नाही’ म्हणून परत पाठवलं, तर निदान अर्धी हजेरी. तोवर नाका उठलेला असतो आणि दिवस गेलेला असतो. लंडनच्या गोदीत रोज सकाळी असेच फाटकाशी झुंबड करून उभे राहणारे मजूर १८८९ मध्ये संपावर गेले. त्यांनी तासाला सहा पेन्स मागितले, ते आपल्याकडच्या लेखांतही वाचायला मिळतं. पण त्यांची आणखी एक मागणी होती, कामावर घेतलंत तर कमीत कमी चार तासांचं काम द्या. मला ती जास्त शहाणपणाची वाटते. जादा वेळेचंही तसंच: ठरलेल्या कामाच्या तासांपेक्षा जास्त काम घेतलं तर दुप्पट दर, असं संहिता सांगते. ‘थोडा स्लॅब राहिलाय, उरकून जा’ याला रात्री आठपर्यंत फुकट मान डोलावणं बंद करायला हरकत नाही.

आता ‘बाहेरची पोरं’. तुमचा राग मला कळतो, पण त्याच्यामागचा हिशोब तुम्ही केलेला दिसत नाही, आणि हिशोब तर तुमचा हातखंडा. ज्या पोराने गावी निघायच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतली आहे, दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांत राहून भाडं भरतो, ज्याला इथे उधार देणारा वाणी नाही, तो रिकामा दिवस झेलूच शकत नाही. तो ५०० ला चढतो, कारण ५०० आणि शून्य यांतून त्याला निवडायचं असतं. त्याला नाक्यावरून हाकललंत, तर तो पुढच्या चौकात उभा राहील आणि गाडी तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच तिथे भरेल. त्यापेक्षा त्याला आत घ्या. पुढे बोलायला जाणाऱ्या दोघांत एखाद्या आठवड्यात त्याला उभं करा. बैठक हिंदीत होऊ द्या, काही बिघडत नाही. आणि प्रामाणिकपणे एक आठवून बघा: अकरा वर्षांपूर्वी तुम्ही या नाक्यावर पहिल्यांदा आलात, तेव्हा तुम्ही किती रुपयांवर चढला होतात?

मी हे उंचावरून बोलतेय असं वाटू देऊ नका. माझ्या घराला रंग द्यायचा होता तेव्हा मी दोन रंगाऱ्यांना एकमेकांसमोर उभं करून भाव पाडला होता आणि संध्याकाळी घरच्यांना ते कौतुकाने सांगितलंही होतं. टेम्पोच्या खिडकीतला माणूस दरवेळी ठेकेदारच असतो असं नाही.

बायकांचं तुमच्या पत्रात एकाच ओळीत आलंय: ‘दोन बायका ५०० ने.’ त्या सहा दिवसांत त्या दोघींनी काय केलं? घमेली वाहिली, विटा दिल्या, रेती चाळली. चार बिगाऱ्यांनी काय केलं? तेच. मग १५० रुपये कशाचे कमी? ठेकेदाराने दिले कमी, हे खरं. पण तुम्ही बुडालेल्या पैशांचा हिशोब मांडलात तेव्हा तुमच्याही पेन्सिलीने ५०० च लिहिले. समान कामाला समान वेतन हे १९७६ पासून कायद्यात आहे, आताच्या वेतन संहितेतही आहे. त्या दोघींचे सहा दिवसांचे १,८०० रुपये तुमच्या २९,८०० मध्ये धरलेलेच नाहीत. शिवाय तुमच्या परिमंडळाचा, म्हणजे तुमचं शहर ज्या वेतन-विभागात येतं त्याचा, बांधकामातला किमान वेतनाचा चालू दर कामगार कार्यालयातून काढा. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून जुना कागद चालवू नका. मिस्त्रीचा रोज बहुधा त्याच्या वरच निघेल, ५०० निघेलच असं नाही. नाक्यावर बायका कडेला, भिंतीच्या सावलीत बसतात. कोणता ठेकेदार कसा, कोणत्या साइटवर आडोसा नाही, कोण संध्याकाळी एकेकीला थांबवून घेतो, ही माहिती पुरुषांपेक्षा त्यांच्याकडे जास्त असते. त्यांना विचारल्याशिवाय मागण्यांचा कागद लिहू नका.

मुकादमकीबद्दल. ती घेणं पाप नाही. घरात नियमित हजार रुपये येणार असतील तर कोणीही विचार करेल. पण त्या २० रुपयांकडे नीट बघा. पंधरा माणसं म्हणजे रोजचे ३००. हे ठेकेदार स्वतःच्या खिशातून देणार, की माणसांच्या रोजातून कापणार? हे विचारलंत का? १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या बांधकामांवर मजुराचा किमान रोज होता ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार पैसे जमादारांच्या हाती देत आणि जमादार माणसामागे एक रुपया कमिशन काढून घेत. मजुराच्या हातात पडत ८ रुपये २५ पैसे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने म्हटलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही वेठबिगारीच आहे, संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाचा भंग आहे. त्या रुपयाच्या जागी आता वीस आले आहेत आणि जमादाराच्या जागी तुम्हाला बोलावणं आहे.

यात तुमच्या स्वतःच्या मानेचाही प्रश्न आहे. उद्या हाही ठेकेदार फोन बंद करून गेला, तर ती पंधरा माणसं कोणाची कॉलर धरतील? तुमची, कारण गाडीत त्यांना तुम्ही बसवलं. कायदाही फार वेगळं म्हणत नाही. मजूर पुरवणाराही कायद्याच्या लेखी कंत्राटदार ठरू शकतो, आणि वेतन संहितेत ‘नियोक्ता’ या शब्दात कंत्राटदार येतो. म्हणजे पैसे तुमच्याकडून मागितले जातील आणि ते तुमच्याकडे नसतील. घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बोलून घ्या: माझा जो काही मोबदला असेल तो तुमच्या खिशातून, माणसांच्या रोजातून पै कापायची नाही. माणसांचे पैसे रोज संध्याकाळी थेट त्यांच्या हातात किंवा खात्यात, माझ्यामार्फत नाहीत. आणि नाक्यावर मी काय बोलतो ते माझं मी बघेन. याला तो हो म्हणाला तर खुशाल जा. असा ठेकेदार मिळणं ही नाक्याची कमाईच आहे. नाही म्हणाला, तर त्याला मुकादम हवाय की नाक्यावरचा एकमेव हिशोबनीस विकत हवाय, ते तुम्हीच ठरवा.

पक्षाच्या बोर्डाबद्दल माझं मत कडक आहे. कोणत्याही पक्षाकडून शेड मिळत असेल तर घ्या, पाण्याची टाकी घ्या, बायकांसाठी शौचालय मिळत असेल तर दोनदा जाऊन मागा. बोर्ड पहिलं वर्षभर लावू नका. ज्या दिवशी तो लागेल त्या दिवसापासून नाक्यावरची अर्धी माणसं म्हणतील, हे त्यांचं आहे, आपलं नाही. सत्ता बदलली की नव्या कार्यकर्त्याला पहिल्यांदा तुमचाच नाका खुपेल. त्याऐवजी मागच्या दुकानदारांशी बोला. ‘गर्दी करतात, थुंकतात, गिऱ्हाईक येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच जाते. शटरसमोरची जागा मोकळी ठेवायची, निघताना झाडून घ्यायचं, एवढं तुम्ही पाळलंत तर तक्रार करणारा माणूस साक्षीदार होतो.

आणि आता ते पैसे. माझ्या मते संघटनेची पहिली बैठक घेण्याआधी हे करा, कारण ‘आपण एक होऊया’ या भाषणापेक्षा वसूल झालेले २९,८०० रुपये जास्त माणसं जोडतील. नऊही जणांनी एकत्र बसून एका वहीत लिहून काढा: कोणत्या तारखा, साइट कुठे, काय काम केलं, कोणाचा रोज किती ठरला, उचल कोणाच्या हातात दिली, ठेकेदाराचं नाव आणि नंबर, टेम्पोचा नंबर, साइटवर तुम्हाला पाहिलेला वॉचमन किंवा सिमेंटची गाडी आणणारा. साइटवर बांधकामाचा फलक असेल तर त्याचा फोटो काढा, त्यावर मालकाचं किंवा विकासकाचं नाव सापडतं. ठेकेदार पळाला तरी इमारत पळत नाही. आधी नऊ जण मिळून, दिवसाउजेडी, आवाज न चढवता त्या मालकाला भेटा. बऱ्याचदा ठेकेदाराचं बिल त्याच्याकडे अडकलेलं असतं आणि नऊ माणसं दारात उभी राहिली की फोन अचानक लागतो.

नाही लागला तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज. एकाच आस्थापनेवर काम केलेल्या सगळ्यांचा मिळून एकच अर्ज चालतो, नऊ वेगळे करायची गरज नाही. मुदत तीन वर्षांची आहे, पण आठवण तीन महिन्यांत पुसट होते, म्हणून उशीर करू नका. दाव्याची रक्कम देण्याचा हुकूम होतोच, त्यावर दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचाही अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. आणि ‘तुमच्याकडे पुरावा काय?’ असं कोणी दरडावलं तर लक्षात ठेवा, पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. तुम्ही तिथे काम केलंत एवढं मात्र तुम्हाला दाखवावं लागेल, त्यासाठीच ती वही. खिडकीवर अजून जुन्या कायद्यांची नावं कानावर आली तर गोंधळू नका, अर्ज द्या. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना तिथे मोफत मदत मिळते, म्हणजे तुमच्या नऊ जणांपैकी बहुतेक कुठल्या ना कुठल्या रकान्यात बसतील.

ही वही नंतरही बंद करू नका. गाडीत बसण्याआधी एकाने नंबरप्लेटचा फोटो काढून नाक्यावर थांबलेल्याला पाठवायचा, त्याने वहीत टिपायचं. ठेकेदाराला ते दिसू द्या. फोटो निघालेला पाहिला की शनिवारचे वायदे कमी होतात.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी नाक्यावर किती जणांची आहे, तेही याच वहीत मोजा. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना १८ ते ६० वयाच्या, मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्यांसाठी आहे. इमारत बांधणाऱ्याकडून एक टक्का उपकर यासाठीच घेतला जातो. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपण, मृत्यूनंतर घरच्यांना मदत असं बरंच काही त्यातून मिळतं. गाडं अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. रोज नवा ठेकेदार, दाखला कोण देणार? आणि तिथेच दलाल येऊन बसतो. एकेकट्याने दलालाला पैसे मोजण्यापेक्षा वीस जणांच्या वहीतल्या नोंदी घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अधिकाऱ्याकडे, गावात असाल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) एकत्र जा. दरवर्षीचं नूतनीकरण विसरू नका. कामाचा हंगाम ऐन भरात असताना ते हमखास राहून जातं.

संघटनेची नोंदणी पुढची पायरी, आणि ती अवघड नाही. सात जण अर्ज करू शकतात. त्या उद्योगातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. आताच्या औद्योगिक संबंध संहितेत संघटनेपुरतं ‘कामगार’ या शब्दात असंघटित कामगारही धरले आहेत, त्यामुळे ‘तुम्ही नोकरच नाही, तुमची कसली युनियन’ हे कोणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या. नोंदलेली संघटना सभासदाच्या वतीने वेतनाचा दावा लावू शकते, हा मोठा फायदा. पण नोंदणी म्हणजे दरवर्षीचे हिशोब, विवरणपत्रं, निवडणूक. तेवढी माणसं नसतील तर शहरात आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या बांधकाम मजुरांच्या संघटनेत सामील व्हा. आधी त्यांचा जुना हिशोब बघायला मागा. दाखवायला का-कू केली तर पुढे चला.

पैसे गोळा करायची घाई नको. कराल तेव्हा दहा-वीस रुपयांच्या वर नको, मोजणी नाक्यावर सगळ्यांदेखत, खातं दोन सह्यांचं, आणि त्या दोन सह्यांत एक बाईची. तुमची सही त्यात नसली तर उत्तम. हिशोब तुम्ही लिहा, पैसे दुसऱ्यांच्या हातात राहू द्या. ज्याच्याकडे वही आहे त्याच्याकडेच थैली असली, की नाक्यावर पहिली कुजबुज त्याच्याबद्दल सुरू होते.

आणि अर्ज द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर पोच: शिक्का, तारीख, आवक क्रमांक. खिडकीवरचा माणूस म्हणेल, ‘ठेवून जा, साहेब आले की देतो.’ ठेवून येऊ नका. नऊही जण बाकावर बसा, साहेब येईपर्यंत.